शेवटची लेन्स

वैताग म्हणजे काय, ते मला विचारा! आमच्या वसईच्या लॅबमध्ये मी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासते. लेन्सवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि तो किती पसरतो ते मोजायचं. नाही पसरला, तर ती डोळ्याला टोचणार. त्या दिवशी सरांना संध्याकाळी रिपोर्ट हवा होता आणि प्रत्येक लेन्स थेंब सोडायच्या आतच सुकत होती. शेवटची उरलेली वाटीत भिजत ठेवून मी जरा बाहेर गेले. परत येते तर वाटी रिकामी!

"सँड्रा, इथली लेन्स कुठंय?"

"डोळ्यात," ऑफिसातली सँड्रा म्हणाली. "माझी बेसिनमध्ये वाहून गेली गं. पण ही जाम टोचतेय." तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी येत होतं.

"अगं बाई, तपासायची होती ती! काढ आधी!"

तेवढ्यात सर आले. "काय, पसरला का थेंब?"

"हो सर," मी म्हटलं, "सँड्राच्या गालावर."