नागेशची पाळी

दुबईत, देरातल्या इस्पितळात, काल वारलेल्या नागेशचे कागद घ्यायला त्याच्या साइटवरचा इंजिनियर आणि खोलीतला सोबती महादू माझ्यापुढं रांगेत उभे होते.

“स्पेनला बास्क लोकांचा एक क्लब पाहिला, महादू. पुरुषच आळीपाळीनं रांधतात. मी प्लेट उचलली तर म्हणाले, पाहुण्यानं बसून राहायचं.”

“आमच्या खोलीत तेच की, साहेब. फक्त पाहुणा येत नाही.”

“तिथं मेंबर व्हायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.”

“आणि मेंबर गेला तर?”

“त्याची जागा मुलाला मिळते.”

“आमच्याकडं लगेच भरते.”

“नागेशचीसुद्धा?”

“उद्या नवा माणूस येतोय. शुक्रवारची पाळी नागेशची होती, म्हणून फोनवर त्या नव्याला विचारलं, जेवण बनवता येतं का. नाव विचारायचं राहूनच गेलं.”