हिरवी खूण

नाही गं, स्पीकरची वायर नीट आहे, ती मी चारदा काढून घातली — तू त्या खुर्चीवर बस संघमित्रा, स्टुलाचा पाय डुगडुगतो. तिसऱ्या मजल्यावरनं तुला खाली बोलावलं, तेही रविवारचं, राग नको धरूस. पण अख्ख्या सोसायटीत कॉम्प्युटरमधलं हे लिनक्स कळणारी तू एकटीच. सुयोगने घालून दिलंय. बाबा, याला व्हायरस लागत नाही, म्हणाला, आणि गेला जर्मनीला. सहाला त्याचा कॉल येतो. आता किती झाले — पावणेसहा? होईल ना तोवर?

कधीपासून म्हणजे — जुना मॉनिटर गेला, हा नवा आणला, तेव्हापासून. तीन रविवार झाले. पोरगा समोर दिसतो, ओठ हलतात, आवाज नाही. आधी मला वाटलं, माझे कानच गेले. गिरणीत साचाखात्यात, मागांवर, सव्वीस वर्षं काढली मी — दिवसभर साच्यांची धडधड, शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही — ते कान कधीतरी जाणारच होते. कुकरची शिट्टी यायची ऐकू, पण म्हटलं, मोठे आवाज तेवढे उरले असतील. आणि खरं सांगू, आम्हाला कानांची गरज होतीच कुठे? खात्यात सगळं बोलणं ओठांवर चालायचं. पलीकडच्या साच्यावरचा धाकू आज डब्यात काय आणलंय ते सांगायचा, ते मला इथनं कळायचं. म्हटलं, धाकूचे ओठ वाचले, पोटच्या पोराचे नाही वाचता येणार? तर तो बोलला की मी मान हलवायची. तो हसला की हसायचं. झकास चाललं होतं.

कसली पट्टी? अरे हो, ही हिरवी — तू गाणं लावलंस तशी नाचतेय की! म्हणजे आवाज येतोय? येतोय, पण जातोय मॉनिटरला, आणि मॉनिटरच्या पोटात स्पीकरच नाही. वा. म्हणजे तुझा हा मधला साउंड सर्व्हर आमच्या जॉबरसारखा निघाला — कुठलं काम कुठल्या साच्यावर द्यायचं ते तो ठरवणार, नवा साचा दिसला की सगळं तिकडे, मग तो चालू आहे का बंद, कोण बघतो. तीन रविवार पोराचा आवाज या घरात येत होता गं. येऊन त्या काचेत बसत होता.

म्हणजे माझे कान शाबूत. हसू नकोस, मी खूश आहे. होईन जरा वेळाने. काय झालं माहितीये — बुधवारी एजंट आला, एका नवरा-बायकोला घेऊन. त्या बाईने आत जाऊन ओट्याची लांबी मोजली. एजंट म्हणाला, सुयोगचा फोन होता, काका जागा द्यायला तयार आहेत, त्याने त्यांना तीनदा विचारून घेतलंय. तीनदा! मी त्यांना चहा टाकला, दुसरं काय करणार. तुला हे सांगायचं नव्हतं मला, तू तुझं काम कर. तर मान हलवता हलवता घर विकून बसलो मी. ते एक असू दे. पण मी कुठे जायचं ठरलंय? ते काय एजंटाला विचारू — बाबा रे, मी कुठे जाणार आहे?

सुयोगला? त्याला फोन करून काय सांगू, की तीन रविवार न ऐकताच हो हो केलं? म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. नाही गं, तिकडेच नेणार. एकुलता एक आहे, दुसरीकडे कुठे ठेवणार? मी स्वेटर आणलाय, तो बघ कपाटावर. पासपोर्टचे फोटोही काढले. फोटोवाला म्हणाला, चष्मा काढा, हसू नका — चेहरा जरा भ्यालेला आलाय, पण चालतं म्हणे.

कुठे, इथे खूण करू? थांब, मला करू दे. वरच्या ओळीत मॉनिटर, खालच्या ओळीत स्पीकर, खूण ज्याच्यावर, आवाज त्याचा. एवढंच? एवढ्यासाठी तीन रविवार? — वाजला. अगं, वाजला. त्याचाच कॉल आहे. तू जाऊ नकोस, बस.

हां सुयोग, बोल. येतोय, आज छान येतोय. ही शेजारची संघमित्रा. जेवलो रे. — एक तारखेपासून? — दहिसरला. — हो, हो, बोललास ना तू, मागच्याच रविवारी. आहे माझ्या लक्षात. — स्वतंत्र कॉट, हो. रोज डॉक्टर येतो. बरं आहे की. — नाही रे, माझी कसली हरकत. तीनदा विचारलंस ना. — एक मिनिट हां.

संघमित्रा, तू नीघ आता. चहा राहिला, पुढे बघू. नाही, काही नाही झालं. तो माउस दे इकडे. वरची ओळ ना? जमलं. बघ, बोलतोय अजून, पट्टी कशी नाचतेय. जाताना दार ओढून घे.