टापा वाजल्या दारात

सकाळी हौदावर घागर घेऊन रांगेत उभी होते. पुढे शेजारच्या यमुनाकाकू आणि द्वारका बोलत होत्या.

“काकू, सासूबाई बनूला भरवताना रोज तेच जुनं गाणं म्हणतात. ‘टापा वाजल्या दारात, बाबा आले घरात.’”

“म्हणू दे की. पोर जेवते ना?”

“कुठली जेवते? रस्त्यात घोड्याच्या टापा वाजल्या की घास टाकून दारात पळते. काल एका शिपायाला बाबा म्हणाली.”

“स्वारीवरून तुझ्या नवऱ्याचा काही निरोप?”

“दोन वर्षांत एकही नाही.”

“मग त्यांना दुसरं गाणं म्हणायला सांग.”

“सांगून सांगून वैतागले हो.”

“काय म्हणतात?”

“म्हणाल्या, बनूला तू दुसरं म्हण. हे मी माझ्यासाठी म्हणते.”