पावरलूमची थरथर

स्नायू कमजोर होत चाललेला गौरांग आत, फिजिओथेरपीच्या मॅडमसमोर, पहिल्यांदाच व्यायामाच्या थरथरत्या फळीवर उभा होता. बाहेर त्याच्या आईचं, चारुलताचं, लक्ष दाराकडे होतं; कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

“मॅडमले पावरलूमचं सांगितलं काय वं?”

“सांगितलं तं.”

“काहून सांगितलं?”

“तुमी मले आपल्या वैभवच्या कारखान्यात पावरलूमपाशी अर्धा तास उभी करून ठेवली, मंग दोन दिवस पाय उचलेनात. सांगू नाही तं काय?”

“तिथंबी फरशी थरथरतेच ना! मले वाटलं, जितकी जास्त थरथर, तितका जोर.”

“मॅडम फळीवर एकच मिनिट उभी करते, मंग बसवते. स्नायूच्या या बिमारीत जास्त केलं तं उलटं पडते.”

“जिंदगी लूमवर गेली माही. थरथर मले शिकवते काय?”

“तुमाले नाही, माह्या पायाले शिकवून राहिली.”

“मैनाबाई, तयार राहा!” आतून हाक आली.

म्हाताऱ्यानं बसल्या बसल्याच हात पुढे केला.

“हात नका देऊ. पाहा फक्त.”

मैनाबाईंनी तळवे मांड्यांवर रोवले. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा त्या सरळ उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळल्या.

“आता तुमी उठा. का देऊ हात?”