दारातले बावीस हात

— नाही गं, आत नाही, उंबऱ्यावर उभं राहायचं. म्हणजे पोरगं वर्गात शिरायच्या आधी तुझ्या हातातून जातं. बावीस पोरं, बावीस हात, रोज सकाळी — हात हातात घ्यायचा, डोळ्यांत बघायचं, नाव घ्यायचं, मगच आत. कॉलेजात तुला काय शिकवलं असेल ते राहू दे बाजूला. हात हाताला लागला की सगळं कळतं — कोण न खाता आलंय, कुणाच्या घरी सकाळी सकाळी भांडण झालंय, कोण आज बाक उलटा करणार. एस्किलचा हात ओला लागला ना, तर त्याला खिडकीपाशी बसव आणि अर्धा तास काही म्हणजे काही विचारू नकोस. विचारलंस की मेलीस! — हो, हो, किल्ली देते. त्यासाठीच बोलावलंय मला, माहीत आहे. घंटेला अजून दहा मिनिटं आहेत, बस जरा. एकतीस वर्षं या वर्गाची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती, दहा मिनिटांत काही गंजत नाही ती.

आणि ओरडायचं नाही, सुनीवा. पहिल्या वर्षी मी ओरडायचे — घसा माझा बसला, पोरं कुठली बसतायत! मग इथल्या एक थोरल्या बाई म्हणाल्या, "टोरब्योर्ग, गप्प उभी राहा आणि नुसती बघत राहा." मी मनात वीसपर्यंत मोजायला लागले. वीस कशाला, बारालाच वर्ग गार! दुसरं म्हणजे, वहीत रोज एकच चूक दाखवायची. सगळ्या दाखवल्यास तर उद्या वहीच यायची नाही. आणि शाळेतलं घरी न्यायचं नाही — वह्या नाहीत, राग नाही, कुणाच्या आईनं लावलेला बोल नाही. नाहीतर दोन वर्षांत पार पिचून जाशील. मी चारला दार लावलं की संपलं. हल्वार्ड — माझा नवरा — सुरुवातीला विचारायचा, "काय झालं आज?" मी म्हणायचे, "काही नाही." नियम म्हणजे नियम. मग त्यानं विचारणं सोडलं.

हसू नकोस, पण वीसपर्यंत मोजायची खोड घरीसुद्धा गेली नाही. त्याला राग यायचा ना, बोटीवरून म्हणा, त्याच्या भावावरून म्हणा — तो बोलायला लागला की मी गप्प उभी, बघत. बाराला तोही गप्प. मला काय वाटायचं सांगू? जिंकले! अगं, नवरा होता तो, तिसरीतला पोरगा नव्हता! पुढे पुढे मोजायची गरजच उरली नाही. समोरासमोर बसून पावावर चीज ठेवायचं, खायचं, उठायचं. मी म्हणायचे, किती शांत घर आहे आपलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा हॉस्पिटलात त्याचा हात पांघरुणावर पडलेला बघितला — आणि मला आठवेना, हा शेवटचा कधी धरला होता. एस्किलचा हात मी झोपेतही ओळखेन. हल्वार्डचा गरम असायचा की गार, देवाशपथ, मला सांगता येत नाही.

काय बोलत बसले मी! तुला कामाचं सांगायला आले आणि — तर जूनमध्ये शाळेनं मला निरोप दिला, त्याला आज नऊ आठवडे झाले. नऊ आठवड्यांत एक हात हाताला लागला नाही. कुणाचा लागणार? शेजारी गवत कापता कापता मान हलवतो, तेवढंच. मी सकाळी साडेसहाला उठते, डबा भरते — हो, डबा! सवय — आणि मग तो घरीच, टेबलाशी बसून खाते. सुनीवा, ते गुरुवारी वाचनाचा तास असतो ना — म्हणजे तुला चालत असेल तर. मी मागे बसेन. तोंड उघडणार नाही. सकाळी फक्त दारात तुझ्या शेजारी उभी राहीन, एवढंच. मुख्याध्यापक म्हणाले, वर्ग आता सुनीवाचा, तिला विचारा. म्हणून विचारते. — काय म्हणतेस? — अगं, बोल ना काहीतरी.

— मोजतेयस वाटतं! भलतीच लवकर शिकलीस. — नाही, नाही, रडतेस कशाला, वेडे? बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मीही नसतं येऊ दिलं. एका वर्गात दोन बाया म्हटल्यावर ही कार्टी दोघींनाही विकून खातील. तू नाही म्हणालीस ते चांगलं केलंस. खरंच. मला वाईट वाटलं, वाटणारच, पण ते माझं मी बघेन.

झाली बघ घंटा. ऊठ, नाक पूस, उंबऱ्यावर जा. बूट बाहेर काढायला सांग त्यांना. — अरे, एस्किल! किती वाढलास रे — नाही, नाही राजा, मला नाही. माझे हात खिशात आहेत, दिसतायत ना? तुझ्या बाई त्या. हात त्यांना द्यायचा. जा. — सुनीवा, वाक थोडी, त्याच्या उंचीला ये. लागला ओला? मग खिडकीपाशी. — किल्ली टेबलावर ठेवलीये. मी अंगणातल्या दारानं जाते. — आता माझ्याकडे काय बघतेस? एकवीस उरलेत अजून. त्यांच्याकडे बघ.