चष्म्यात न सापडलेलं दर्शन

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. डोळे उघडे आहेत, समोर देव आहे — म्हणजे दर्शन झालं का? इतक्यात माना डोलवू नका! अजून मी काही सांगितलंच नाही. ऐका!

हेमांगी पोंक्षे नावाची एक मुलगी. विद्यापीठात संशोधन करायची. विषय कोणता? सौंदर्य! हसू नका — पावडर-लालीचा विषय नव्हे हो! एखादी गोष्ट बघून माणूस ‘आहाहा!’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आत नेमकं काय होतं, हा विषय. आणि मार्गदर्शक किती? दोन! तत्त्वज्ञानाचे बेहेरे सर म्हणायचे, “सौंदर्य मोजता येत नाही.” मानसशास्त्राच्या कुलथे मॅडम म्हणायच्या, “मोजल्याशिवाय मी सही करणार नाही.” पोर बिचारी मधल्यामध्ये भरडली जात होती! मुदतवाढ घेऊन झाली, घरच्यांची बोलणी खाऊन झाली. आता शेवटचा एक प्रयोग उरला होता. तो फसला, की इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी!

प्रयोग कुठे? कोकणात, लक्ष्मीनारायणाच्या देवळात. वैशाखात तिथे चंदनउटी असते. एवढ्या उकाड्यात देवाला गारवा नको? सहाणेवर चंदन उगाळायचं, मूर्तीला सर्वांगाला लेप द्यायचा, वर मोगऱ्याची फुलं. सकाळी पडदा सरकतो — आणि काय ते रूप!

हेमांगीने एक चष्मा आणला होता. साधा नव्हे! घालणारा कुठे बघतोय, किती वेळ बघतोय, सगळं टिपणारा. चष्मा घालून दर्शन घ्यायचं आणि बाहेर येऊन सांगायचं — सौंदर्याला दहापैकी किती गुण? गावातल्या इंदुमावशी खोत सगळ्यांत पुढे. “देवासमोर गॉगल लावून उभी राहू होय गो?” म्हणत म्हणत लावला एकदाचा!

हेमांगी संगणकावर बघतेय. मावशींची नजर मूर्तीच्या पायांवरून वर गेली, मुखापर्यंत पोचली — आणि ठप्प! पुढे काहीच नाही! दुसऱ्याला चष्मा दिला — ठप्प! तिसऱ्याला — ठप्प! आणि बाहेर येऊन गुण मात्र प्रत्येकाचे दहा! हिने वायरी हलवल्या, काचा पुसल्या, बॅटरी बदलली. शेवटी वैतागून मान वर केली आणि माणसांकडे बघितलं.

सगळेच्या सगळे हात जोडून डोळे मिटून उभे!

अहो, तासन्‌तास रांगेत घाम गाळायचा आणि देव समोर आला की डोळे मिटायचे! काय ही आपली तऱ्हा!

“मावशी, डोळे उघडे ठेवा ना! प्रयोग फुकट जातोय माझा.” पोर अगदी रडकुंडीला आली.

“अगो, आपसूक मिटतात. त्याला मी काय करू?”

मग हिने ताकीदच दिली — डोळे मिटायचे नाहीत! माणसं भली हो. पोरीसाठी पुन्हा रांगेत उभी राहिली, डोळे ताणताणून बघितलं. संगणकावर नजरेच्या रेघा कशा झरझर उमटल्या! हेमांगी खूश! पण गुण? सहा! पाच! आणि चष्मा ठेवून सगळी पुन्हा रांगेच्या टोकाला!

“मावशी, आता कुठे?”

“दर्शनाला.”

“आत्ताच झालं की!”

“ते तुझ्यासाठी गो. माझं राह्यलं.”

आणि तिसऱ्यांदा सगळी बाहेर आली, तेव्हा? पुन्हा दहा!

हेमांगी पायरीवर बसूनच राहिली. मूर्ती तीच, माणसं तीच. मग सकाळी यंत्र बिघडलं नव्हतंच! डोळे पुरेसं गोळा करतात, मग मिटतात, आणि ‘आहाहा’ त्यानंतर होतं — आत! जिथे यंत्र ठप्प झालं, तिथेच ती इतकी वर्षं शोधत होती ती गोष्ट होती!

दोन्ही गुरूंना एकदम फोन लावला. मॅडमनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, “गुण घटले आणि पुन्हा चढले? मग मोजलंस की तू!”

सर म्हणाले, “आणि मोजणं कुठे थांबतं, तेही दाखवलंस. लिहायला घे.”

दोघांचं एकमत! पहिल्यांदाच! हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला हो पोरीच्या. तिथेच बसून रडली — सुटले एकदाची, म्हणून रडली.

आणि मग तिच्या लक्षात आलं, सकाळपासून देवळात आहोत, पण देवाकडे बघितलंच नाही! उठली, रांगेत उभी राहिली. चंदनाचा वास आला. ते शांत मुख दिसलं. डोळे कधी मिटले, तिचं तिलाही कळलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. कुठे निघालात? बसा! मघाशी आरती चालू असताना मी इथून सगळं बघत होतो. हात जोडलेले किती? चार-दोन! बाकी सगळे मोबाईल उंच धरून! देव समोर, आणि तुम्ही त्या एवढ्याशा काचेत! घरी जाऊन कोण बघतं ते फोटो? खरं सांगा!

आज जाताना मोबाईल खिशात ठेवा. पोटभर बघा, मग डोळे मिटू द्या. आणि मिटल्यावर आत अंधारच दिसला, तर लाजू नका. देव कुठे पळून जात नाही. मुकाट्याने पुन्हा रांगेत उभे राहा!