ती काय गोळी आहे?

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, त्यामुळं आकडा जुळल्याशिवाय जागचं हलायचं नाही हे मी घरातच शिकलो. बी.कॉम. झालो, तिकडं मनासारखी नोकरी लागेना, मावसभाऊ हवाई दलात होता, त्याचं पोस्टिंग चंदीगडला, तो म्हणाला ये तर खरं, आणि आलो तो इंडस्ट्रियल एरिया फेज टूमध्ये नटबोल्टच्या कारखान्यात स्टोअरला लागलो, आज तिथलं सगळं स्टोअर मीच बघतो. मावसभावाची बदली झाली, मी राहिलो. पंजाबी समजायला लागलं, हिंदी तर आता झोपेतसुद्धा बोलतो, पण भांडतो मात्र मराठीतच. आणि भांडायला घरी मंगल आहे.

मंगल म्हणजे माझी बायको, शिराळ्याची. शेजारच्या मोहालीत कंपन्यांत कामाला आलेली आपली पोरं आहेत ना, त्यांना ती डबे देते, ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, पोरं काकू काकू करत मागं असतात. सकाळपासून ओट्यापुढं उभी, मग गुडघे दुखणार नाहीत तर काय. त्यात इथली थंडी, काय सांगू तुम्हाला, धुकं पडायला लागलं की फरशीवर पाय ठेववत नाही.

तर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तपासणी शिबिर होतं. माझं बीपी आलं एकशे वीस-ऐंशी. ती आपली सहज बसली, तिचं एकशे सत्तर-शंभर. डॉक्टरीणबाईंनी परत मोजलं, तेवढंच. मग रीतसर दवाखान्यात नेलं, गोळी सुरू झाली, सकाळी एक, रोज. महिन्याभरानं मोजलं तर एकशे अठ्ठावीस. मी खूश, आणि मंगलनं गोळी बंद केली. का, तर नॉर्मल आलं म्हणून. मी म्हटलं अगं गोळीमुळं नॉर्मल आलंय ते. ती म्हणाली झालं की मग तिचं काम. मी म्हटलं झाकण लावलंय म्हणून डबा सांडत नाही, म्हणून झाकण काढून टाकशील का. ती म्हणाली डबा माझा, झाकण माझं, तुम्ही तुमचे नट मोजा.

असं एकदा नाही, कितीदा. बीपी चढलं की मी ओरडायचो, ती चार दिवस गोळी घ्यायची, उतरलं की बंद. मला काही होतंय का, चक्कर येते का, मग झालं तर, असं तिचं. हेच तर दुखणं आहे, काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही, माणूस डबे भरत असतो आणि आत काय चाललंय ते त्याला कळत नाही.

हे सगळं मला जास्त लागायचं त्याचं कारण तिचं माहेर. तिच्या आईच्या पायाला सूज यायची, ती त्यातच गेली, तेव्हा कुणी तपासलंच नाही. आणि तिचे थोरले भाऊ, अण्णा, त्यांना साखर आणि बीपी दोन्ही, ते आता डायलिसिसवर आहेत, रक्त धुवायला कराडला जातात. म्हणजे रक्तातच आहे म्हणा. मागच्या दिवाळीत आम्ही त्यांना भेटून आलो. मला वाटलं आता तरी ही शहाणी होईल. पण आल्यावर तिनं बीपीची गोळी पक्की बंद केली, मी ओरडलो तरी घेईना.

हिवाळा सरता सरता तिचा चेहरा सकाळी सुजायला लागला. मी हाताला धरून नेलं. लघवीत प्रोटीन निघालं, रक्तात क्रिएटिनिन एक पॉइंट सात, म्हणजे किडनी नीट गाळत नाही. डॉक्टर सरदारजी होते, वयस्कर, शांत. त्यांनी विचारलं शुगर है, मी म्हटलं नाही. घर में किसी को, मी सांगितलं आई आणि भाऊ. बीपी कब से, सांगितलं. मग त्यांनी विचारलं बहन जी, दर्द की गोली लेते हो. मंगल म्हणाली ना जी, मैं कोई गोली नहीं लेती. इतकं ठणकावून म्हणाली की मी तिच्याकडं बघतच राहिलो. अहो, आमच्या खालचा केमिस्ट तिला बघितल्याबरोबर न विचारता पाकीट काढून ठेवतो! गुडघा दुखला की एक, डोकं दुखलं की एक. मी म्हटलं मंगल, आणि केमिस्टकडची? ती म्हणाली ती काय गोळी आहे, ती दुखण्याची आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले बहन जी, उलटा कर दिया आपने, जो खानी थी वो छोड़ दी, जो छोड़नी थी वो खा ली. मग मला समजावून सांगितलं, किडनीचं निम्म्याहून कमी काम चालू आहे, गेलेलं येत नाही, राहिलेलं टिकवायचं, बीपी आटोक्यात, मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या एकदम बंद, त्या किडनी खातात.

रिक्षात मी तोंड सोडलं. घरी आल्यावर म्हणाली, अण्णाच्या उशाशी पिशवी बघितली होती का तुम्ही, पिशवीभर गोळ्या, वहिनी म्हणाली सुरुवातीला बीपीची एकच होती, मग तीन झाल्या, मग एवढ्या, मग मशीन. गोळ्यांनीच किडन्या घालवल्या त्याच्या. म्हणून मी ठरवलं, ती पहिली गोळीच घ्यायची नाही.

आता बोला! मी समजत होतो ही नुसती निष्काळजी आहे. दिवाळीपासून ती तर किडनीला जपत होती. मी म्हटलं अगं किडनी जात गेली म्हणून गोळ्या वाढत गेल्या, तर म्हणाली तुम्ही डॉक्टर आहात का. नाही बाबा, नाही.

मग मी अण्णांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, म्हटलं तुम्हीच सांगा.  अण्णा म्हणाले मंगे, ती पहिली गोळी मी घेतच नव्हतो गं, डोकं दुखलं तरच घ्यायचो, तुझ्या वहिनीला वाटायचं रोज घेतोय. आई गेली तशी आपण जाणार असं वाटायचं, मग कशाला बघायचं. तू असलं करू नको. मंगल म्हणाली मला आधी का नाही सांगितलंस. ते म्हणाले कुठल्या तोंडानं सांगू. त्या संध्याकाळी तिनं भाकऱ्या तेवढ्या थापल्या.

आता गोळी घेते, माझ्यासमोर. म्हणजे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मध्ये शेजारणीनं कुठल्याशा वैद्याची पुडी आणून दिली, गुडघ्यासाठी, मंगल म्हणाली ही तर जडीबुटी आहे. मी ती डॉक्टरांपुढं नेऊन ठेवली, ते म्हणाले इसमें क्या है मुझे नहीं पता, आपको पता है? फेकून दिली, दोन दिवस अबोला. परवाचं क्रिएटिनिन एक पॉइंट सातच. मी म्हटलं कमी का नाही, डॉक्टर म्हणाले भाईसाहब, बढ़ा नहीं, खुश हो जाओ. मला त्यात खूश होता येत नाही, पण ठीक आहे.

आणि आता मुलीचं ऐका. ऋचा, तेवीस वर्षांची, मोहालीतच नोकरीला आहे. घरात यंत्र आणलंय म्हणून गेल्या रविवारी तिचंही बीपी मोजलं, एकशे बेचाळीस-ब्याण्णव. थोडं थांबून परत मोजलं, तेवढंच. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली पापा, ऑफिस का स्ट्रेस है, मुझे कुछ हो थोड़ी रहा है. मंगल आतून पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली, म्हणाली हेच मीही म्हणत होते, उद्या बापाबरोबर जायचं, लघवी तपासून यायचं. तर पोरगी काय म्हणाली, अच्छा मम्मी, देखेंगे.

सोमवार गेला, मंगळवार गेला, मीटिंगच आहे तिची. मायलेकी आता रोज भांडतात, एक मराठीत, एक हिंदीत, मी मधे बसतो. देव तिला चांगलं ठेवो, दुसरं काय म्हणणार. शनिवारी तिला सुट्टी आहे. मी डॉक्टरांकडं नंबर लावून ठेवलाय, तिला अजून सांगितलेलं नाही.